मातीत वाजणारं वाद्य

"हे उजेडाकडे धर आणि पलीकडचं दिसतंय का ते सांग," असं म्हणत दादाने माझ्या तळहातावर बोटाच्या पेराएवढा एक पितळी तुकडा ठेवला. मी एक डोळा मिटून पाहिलं. काहीच दिसेना. "हेच दुखणं," तो म्हणाला. जुन्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार त्याने सोलून काढली, हलक्या हाताने त्या तुकड्यात सरकवली, कॉम्प्रेसरच्या हवेचा एक झोत मारला आणि तुकडा परत माझ्याकडे दिला. आता त्यातून ट्यूबलाइटचा एक ठिपका दिसत होता. चार केस एकत्र धरले तर बुजून जाईल, एवढाच!

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहतो. त्याची कार बाहेर उन्हात उभी असते आणि गॅरेजची सावली मिळते ती १९७२ सालच्या यामाहा डीटी-२ ला. ही ट्रेल बाइक आहे, म्हणजे डांबरी रस्त्याने रानाच्या तोंडापर्यंत जायचं आणि तिथून पायवाटेला लागायचं, अशा दुहेरी कामासाठी बनवलेली गाडी. वजन सव्वाशे किलोच्या आत, इंजिन २४६ सीसीचं, सिलिंडर एकच, जात टू-स्ट्रोक. दगडगोटे, वाळू, ओढे तुडवायला जन्मलेली ही गाडी महिनाभर अडून बसली होती, ती त्या ठिपक्याएवढ्या छिद्रात साचलेल्या पेट्रोलच्या चिकट थरापायी.

तांब्याचीच तार का? कारण तांबं मऊ. पोलादी सुई घातली तर पितळ कोरलं जाईल, छिद्र किंचित मोठं होईल, आणि गाडी बेसूर होईल. हो, बेसूर. हा शब्द मी शोभेसाठी वापरत नाही. जुनी टू-स्ट्रोक गाडी म्हणजे अगदी खरोखर फुंकून वाजवायचं एक वाद्य आहे. कसं, ते एकेक भाग उघडून बघू या.

त्या छिद्रापासूनच सुरुवात करू. पेट्रोल टाकीतून नुसत्या उताराने कार्ब्युरेटरच्या वाटीत येतं. वाटीत एक फुगा तरंगत असतो, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसाच. वाटी भरली की फुगा वर येऊन वाट बंद करतो. आता हे वाटीतलं पेट्रोल वर चढून हवेत मिसळायचं कसं? पंप नाही, मोटर नाही. आहे तो फक्त मधोमध आवळलेला एक गळा. हवा त्या चिंचोळ्या जागेतून जाताना वेग घेते, आणि वेग घेतलेल्या हवेचा दाब घटतो. डॅनिएल बर्नुलीने १७३८ साली प्रवाहांचा हा गुण पुस्तकात मांडला. गळ्यात दाब कमी झाला, पण वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या वातावरणाचा पुरा दाब आहे. मग डोक्यावरच्या सगळ्या हवेचा भार त्या पेट्रोलवर पडतो आणि ते जेटच्या, म्हणजे त्या पितळी तुकड्याच्या, छिद्रातून वर उडतं. आपण म्हणतो, इंजिन पेट्रोल ओढतं. खरं तर आभाळ ते ढकलत असतं!

छिद्र किती मोठं यावर हवेत पेट्रोल किती, हे ठरतं. गाडी जागच्या जागी गुरगुरत असताना पायलट जेट काम करतो, मधल्या वेगाला एक निमुळती सुई, आणि पूर्ण अॅक्सिलरेटर पिळला की मेन जेट. तीन सप्तकांसाठी तीन वेगळ्या सोयी म्हणा ना. आपल्या गल्लीतले मेकॅनिक या जुळवाजुळवीला 'ट्यूनिंग' म्हणतात. किती अचूक शब्द आहे तो!

जेट बसला, वाटी बसली, पेट्रोलचा कॉक उघडला. दादा म्हणाला, "मार किक. घाई नको, आधी दोनदा सावकाश, मग जोरात." तिसऱ्या किकला गाडी उठली.

जरा इथेच थांबू. ती ठिणगी आली कुठून? या गाडीतली बॅटरी दिव्यांसाठी आहे, ठिणगीला तिची गरजच नाही. बॅटरी काढून ठेवली तरी गाडी सुरू होते. किक मारली की क्रँकच्या टोकाला असलेलं चुंबकांचं चाक कॉइलभोवती फिरतं. फिरत्या चुंबकाने तारेत वीज उपजते, हे मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलं. ही वीज वाहत असतानाच 'पॉइंट' नावाची चिमुकली धातूची जोडी नेमक्या क्षणी उघडते आणि प्रवाह तोडते. धावता माणूस एकदम अडखळावा तसा प्रवाह थबकतो, आणि त्या धक्क्याने इग्निशन कॉइलमध्ये दहा हजार व्होल्टच्या वर दाब उसळतो. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते, हे आठवा. प्लगच्या टोकाशी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त फट असते. तेवढी हवा चिरून ठिणगी पडते. म्हणजे वीज बनवणारे तुम्हीच. पोहे खाऊन कमावलेली पायातली ताकद क्षणभरात छोटीशी वीज होऊन कडाडते.

आणि आता मुख्य चमत्कार. या इंजिनाला, कारच्या इंजिनात असतात तसे, वर-खाली होणारे व्हॉल्व्ह नाहीत. कॅम नाही, टायमिंग चेन नाही. शक्ती तयार करणारे मोठे हलते भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. मग हे इंजिन श्वास कसा घेतं?

सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या आहेत. पिस्टन वर-खाली होताना तोच त्या खिडक्या उघडतो आणि झाकतो. पिस्टन वर गेला की त्याच्या वर हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं आणि त्याच वेळी खाली, क्रँकच्या बंद पेटीत, पोकळी तयार होऊन नवं मिश्रण आत येतं. वर स्फोट होतो, पिस्टन खाली ढकलला जातो. उतरता उतरता तो आधी धुराची खिडकी उघडतो, जळलेला वायू बाहेर झेपावतो. आणखी थोडं उतरून बाजूच्या खिडक्या उघडतो, आणि खालच्या पेटीत आता दाबलं गेलेलं ताजं मिश्रण त्यातून वर चढतं. एकच पिस्टन वरच्या बाजूने इंजिन आणि खालच्या बाजूने पंप! आपल्या पेटीवादकाचा एक हात भात्यावर आणि एक हात पट्ट्यांवर असतो. इथे दोन्ही कामं एकाच हाताने चालली आहेत.

वेग किती? मिनिटाला ६,००० फेरे धरा. म्हणजे सेकंदाला १००, आणि टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. पापणी लवायला निदान सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्यात दहा वेळा श्वास आत, दहा स्फोट, दहा वेळा धूर बाहेर. या धावपळीत पिस्टन सेकंदाला दोनशे वेळा पूर्ण थांबतो आणि उलटा फिरतो.

आता तुमच्या मनात शंका यायला हवी. धुराची खिडकी उघडी, ताज्या मिश्रणाची खिडकीही उघडी. मग ताजं मिश्रण धुराबरोबरच सरळ बाहेर निसटणार नाही का? अगदी बरोबर! टू-स्ट्रोकचा सगळा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाशी घेतलेली झुंज आहे. सुरुवातीच्या इंजिनांत पिस्टनच्या डोक्यावर उंचवटा ठेवत, म्हणजे येणारी हवा त्यावर आपटून वर वळेल. पण तो उंचवटा तापे आणि जडही होई. मग १९२० च्या दशकात अॅडॉल्फ श्न्युर्ले या जर्मन इंजिनिअरने एक देखणी युक्ती काढली. बाजूच्या खिडक्यांची तोंडं त्याने धुराच्या खिडकीपासून उलट, मागच्या भिंतीकडे वळवली. दोन्ही बाजूंनी आलेले झोत मागच्या भिंतीला भेटतात, तिच्यावरून वर चढतात, माथ्यावरून वळसा घेतात आणि उरलेल्या धुराला पुढे लोटत खाली येतात. दार लावलेलं नाही, पण हवेनेच हवेची वाट वळवली. पिस्टनचं डोकंही जवळपास सपाट ठेवता आलं.

तरी थोडं मिश्रण निसटायचंच. त्यावरचा उपाय ऐकला तेव्हा मी चाट पडलो. निसटलेलं मिश्रण परत आणायचं काम इंजिनिअरांनी आवाजावर सोपवलं!

माथेरानच्या एको पॉइंटवर तुम्ही हाक मारली असेल. हाक कड्यावर आपटते आणि परत येते. सायलेन्सरच्या नळीतही नेमकं हेच घडतं. धुराची खिडकी उघडली की दाबाची एक लाट नळीतून पुढे धावते. नळी पुढे तुतारीच्या तोंडासारखी रुंद होत जाते. गंमत अशी की रुंद होणाऱ्या जागेवरून लाट परतते ती उलटी होऊन, दाब न आणता ओढ घेऊन. ही ओढ सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून घेते, पाठोपाठ ताजं मिश्रणही वर खेचते, त्यातलं थोडं नळीत उतरतं. तोवर मूळ लाट नळीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलेली असते. तिथे नळी पुन्हा निमुळती होते. निमुळत्या जागेवरून लाट परतते ती दाब घेऊनच. ही दुसरी हाक मागे धावत येते आणि नळीत उतरलेल्या ताज्या मिश्रणाला ढकलून परत सिलिंडरमध्ये कोंबते. त्याच क्षणी पिस्टन खिडकी बंद करतो.

याचा हिशेब साध्या अंकगणितात बसतो. तापलेल्या धुरात आवाज सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावतो. नळीतलं परतीचं टोक एका मीटरवर धरलं, तर जाऊन-येऊन दोन मीटर, म्हणजे चार मिलिसेकंद. ६,००० फेऱ्यांना एक फेरा दहा मिलिसेकंदांचा, आणि धुराची खिडकी उघडी राहते त्यातले साधारण साडेचार. लाट खिडकी मिटायच्या आत पोहोचते, अगदी ऐन वेळेला! फुगीर पोटाचा तो पत्र्याचा डबा आपल्याला ओबडधोबड वाटतो, पण त्याची लांबी बासरीच्या छिद्रांइतकी मोजून ठरवलेली असते. म्हणूनच दगडाला आपटून त्याला मोठा पोचा पडला की इंजिनाची चाल बदलू शकते. वाद्याचा आकारच बिघडतो ना.

ही विद्या कळसाला नेली वॉल्टर काडेन या पूर्व जर्मन इंजिनिअरने. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मन क्षेपणास्त्रांच्या कामावर होता. पुढे त्शोपाउ गावच्या एमझेड कारखान्यात, तुटपुंज्या साधनांनिशी, नळीतल्या लाटा तो ऑसिलोस्कोपवर बघू लागला. १९६१ पर्यंत त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनाने लिटरमागे २०० अश्वशक्तीची पातळी गाठली होती. त्याच वर्षी त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळून गेला आणि ही विद्या घेऊन जपानच्या सुझुकीकडे पोहोचला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, सुझुकी आणि डेग्नर यांनी ५० सीसी गटाचं जगज्जेतेपद जिंकलं. शीतयुद्धाची भिंत ओलांडून गेलेलं ज्ञान कसलं, तर पत्र्याच्या नळीत घुमणाऱ्या आवाजाचं!

दादाने कार्ब्युरेटरच्या मागची चार बोल्टं सैल केली आणि आतून एक ठोकळा काढून दाखवला. त्यावर पातळ पोलादी पात्या, एका बाजूला पक्क्या, दुसऱ्या बाजूला मोकळ्या. बोटाने हलकेच दाबलं की उघडतात, सोडलं की मिटतात. मी म्हणालो, "ही तर पेटीची स्वरपट्टी!" तो हसला. "अरे, नावसुद्धा तेच आहे. रीड."

आणि गाडीच्या टाकीवरच्या नावाची गोष्टही रीडपासूनच सुरू होते. १८८७ साली जपानच्या हामामात्सु गावातल्या शाळेत एक रीड ऑर्गन बिघडला. ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीचा थोरला भाऊ, हवेने कंप पावणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर वाजणारा. तो दुरुस्त करायला आलेल्या तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराने दुरुस्तीनंतर तसाच एक ऑर्गन स्वतः बनवायला घेतला. तयार झाल्यावर तो त्याने आणि त्याच्या सोबत्याने काठीला बांधून खांद्यावर घेतला आणि हाकोनेचा डोंगर चढून सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या तोक्योला नेला. तिथल्या संगीतसंस्थेने निकाल दिला: बांधणी छान, पण सूर जुळलेले नाहीत. यामाहा खचला नाही. तिथेच राहून सूर जुळवायला शिकला आणि मगच परतला. त्याच्या वाद्यांच्या कंपनीने १९५५ साली पहिली मोटरसायकल काढली, जर्मन डीकेडब्ल्यू आरटी १२५ वरून बेतलेली वायए-१, आणि त्याच वर्षी यामाहा मोटर ही वेगळी कंपनी झाली. मोटरसायकलच्या टाकीवरचं बोधचिन्ह आजही तीन ट्यूनिंग फोर्कचं आहे. सूर तपासायच्या त्या चिमट्यांचं!

१९६८ मध्ये या कंपनीने डीटी-१ आणली. त्याआधी अमेरिकेत रानात जायचं तर बरेच जण रस्त्यावरच्या जडशीळ गाड्यांचे भाग काढून काम भागवत. डीटी-१ हलकी होती, परवडणारी होती आणि दुकानातून निघून थेट पायवाटेला लागण्याजोगी होती. तिने ट्रेल बाइकची लाटच आणली. १९७२ च्या डीटी-२ मध्ये त्या पोलादी पात्या आल्या. इंजिनाने श्वास ओढला की त्या आपोआप उघडतात, आणि आत घेतलेला श्वास उलटा बाहेर येऊ लागला की आपोआप मिटतात. त्यामुळे सावकाश चालतानाही इंजिन दमदार राहतं. ऑर्गनच्या पट्टीपासून निघालेली कंपनी ८५ वर्षांनी पुन्हा एका पट्टीपाशीच आली होती, या वेळी चिखलात.

आता पिस्टनकडे बघा. तो गोल दिसतो, पण गोल नाही! अॅल्युमिनियमचा पिस्टन तापला की बिडाच्या सिलिंडरपेक्षा सुमारे दुप्पट प्रमाणात फुगतो, आणि सगळीकडे सारखा फुगत नाही. म्हणून तो मुद्दाम किंचित लंबगोल आणि वरच्या बाजूला किंचित निमुळता घडवतात. तापल्यावर त्याला नीट आकार येतो. थंड असताना त्याच्या आणि भिंतीच्या मधली जागा केसाच्या जाडीहून कमी असते. म्हणूनच जुनी माणसं सांगतात, सकाळी गाडी सुरू केली की दोन मिनिटं गरम होऊ द्या. पिस्टन आधी फुगला आणि सिलिंडर अजून थंड असला, की इंजिन जाम झालंच म्हणून समजा. गवयाने गळा तापवल्याशिवाय तार सप्तकात जाऊ नये, तसंच हे.

त्या केसाएवढ्या जागेत तेलाचा थर टिकवायचा असतो. पेट्रोल पंपावर बाटलीतून मापून टू-टी ऑइल ओतलेलं आपल्याकडच्या पन्नाशीतल्या माणसांना आठवत असेल. डीटीमध्ये त्यासाठी वेगळा छोटा पंप आहे. अॅक्सिलरेटर जितका पिळाल, इंजिन जितकं जोरात फिरेल, तितकं तेल तो देतो.

आणि हे सगळं जुळलंय की नाही ते कळायचं कसं? प्लग काढायचा आणि त्याचा रंग बघायचा. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळाकुट्ट, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, इंजिन जास्त तापतंय, जपा. वैद्य जीभ बघतो तशी ही इंजिनाची जीभ. जुन्या गाडीत पांढऱ्या प्लगमागे बऱ्याचदा क्रँकच्या टोकाचं रबरी सील असतं. वयाने ते कडक होतं, त्यातून खालच्या पेटीत हवा शिरते आणि मिश्रण पातळ होतं. शे-दोनशे रुपयांच्या रबरी कड्यावर आख्ख्या इंजिनाचा जीव!

गाडी रानात न्यायच्या आदल्या रात्री दादाने चाक हवेत उचललं आणि लहानशा पान्याने एकेक स्पोक टिचकावला. टिंग, टिंग, टिंग, थप्प. जिथे 'थप्प' आलं तिथला स्पोक ढिला. निपल पाव फेरा आवळली, पुन्हा टिचकी, टिंग! सायकलच्या दुकानात चाकाचा आउट काढणारे काका हेच करतात. या बारीक तारा नुसत्या ताणावर उभ्या असतात. ढकलायला गेलं तर वाकतील, पण ओढायला पहाडासारख्या भक्कम. तारांच्या ताणावर चाक उभं करायची कल्पना जॉर्ज केली यांना १८०८ साली सुचली होती, ती विमानासाठी हलकी चाकं हवीत म्हणून. सतारीला तारा, तशाच चाकाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही हॉलिस्टर हिल्सला गेलो. सॅन होजेच्या दक्षिणेला, तासाभरावर, कॅलिफोर्निया राज्याने खास अशा गाड्यांसाठी राखलेल्या या टेकड्या. इथूनच सॅन अँड्रियास हा जगप्रसिद्ध प्रस्तरभंग जातो. पृथ्वीच्या कवचाचे दोन महाकाय तुकडे इथे एकमेकांना घासत सरकतात, साधारण आपली नखं वाढतात त्या गतीने. एका बाजूला ग्रॅनाइट आणि संगमरवर, दुसऱ्या बाजूला कितीतरी तरुण, गाळाचे खडक. वाटेच्या एका भागात चाकाखाली खरबरीत ग्रॅनाइटची वाळू करकरत होती, दुसऱ्या भागात माती मऊ होती. एकाच सकाळी दोन भूपट्टांवर गाडी चालवली म्हणायची!

"बसू नकोस, उभा राहा," दादाने सांगितलं. फूटरेस्टवर उभं राहिल्यावर गाडी एकदम शहाणी झाली. का? बसलेलं असताना आपलं वजन सीटवरून, उंचावरून, गाडीत उतरतं, आणि प्रत्येक धक्का पाठीच्या कण्याला बसतो. उभं राहिलं की तेच वजन खाली, फूटरेस्टवरून उतरतं आणि आपले गुडघे-कोपर शॉकअपचं काम करू लागतात. गाडी खालून नाचते, माणूस वर स्थिर. टायरमधली हवाही रस्त्यापेक्षा बरीच कमी ठेवलेली. टायर दगडावर टणकन उडण्याऐवजी त्याला हातासारखा कवळतो.

मग एक लांब चढ आला. दुसऱ्या गिअरमध्ये मी हळूहळू अॅक्सिलरेटर पिळत गेलो. इंजिन आधी अडखळत बोलत होतं. आणि एका क्षणी, काही वेगळं न करता, आवाज एकदम मोकळा झाला, गाडीने पाठीत हात घालून पुढे ढकलल्यासारखं वाटलं. परतणाऱ्या लाटेची वेळ आणि खिडकी मिटायची वेळ जुळली होती. गणित कागदावर समजलं होतं, ते तळव्यांना आणि तळपायांना आत्ता कळत होतं. तानपुऱ्याच्या दोन तारा मिळाल्या की खोली भरून जाते ना, तसं ते होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर पहिलं काम एअर फिल्टर धुवायचं. तेलात भिजवलेला तो स्पंज काढला तर चॉकलेटी झाला होता. वाटेवरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, आणि क्वार्ट्झ सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण. चिमूटभर धूळ आत गेली तर केसाएवढी जागा मोजून घडवलेल्या पिस्टनचा घास घेईल. आणि तिला अडवतो कोण, तर तेलाचा हात फिरवलेला एक मऊ स्पंज!

या वाद्याची उणीवही सांगायला हवी. टू-स्ट्रोकमध्ये थोडं न जळलेलं पेट्रोल आणि तेल धुराबरोबर बाहेर जातंच. म्हणून रोजच्या रस्त्यावरून ही इंजिनं मागे हटली, आणि ते योग्यच झालं. रोज हजारोंनी नको. पण जी घडली आहेत, ती जपायला हवीत. आणि चालवायची तर परवानगी असलेल्या वाटेवरच. आपल्या सह्याद्रीतल्या सड्यांवर मातीचा थर बोटभरही नसतो. तिथे एकदा चाक फिरलं तर तो ओरखडा वर्षानुवर्षं राहतो.

हे सगळं कॅलिफोर्नियातलं, आपल्याला काय, असं वाटलं असेल तर एक सांगतो. १९८५ पासून आपल्या देशात बनलेल्या यामाहा आरएक्स १०० मध्ये याच रीडच्या पात्या होत्या आणि तेलाचा तसाच वेगळा पंप होता. दुधाचे कॅन लावून गावोगाव फिरलेल्या राजदूत आणि एम-८० सुद्धा या टू-स्ट्रोक घराण्याच्याच. तुमच्या वाड्याच्या पडवीत, सोसायटीच्या जिन्याखाली किंवा मामाच्या गोठ्यात त्यातली एखादी ताडपत्रीखाली उभी असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक रविवार तिला द्या. घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. जुनं पेट्रोल काढून टाका, कार्ब्युरेटरची वाटी उघडा, पायलट जेट सोडवा आणि उजेडाकडे धरून त्यांना विचारा, पलीकडचं दिसतंय का?